बाभळीखालचा थांबा

डिझेलच्या धुरात ठेच्याचा वास मिसळला की मला परंड्याच्या रस्त्यावरची ती बाभळ आठवते. फौजेतून सुटून मी नुकताच एस.टी.वर ड्रायव्हर लागलो होतो. फौजेत ताफ्यातली गाडी हुकमाशिवाय थांबवायची नसते. त्याच सवयीनं, थांब्याची पाटी नसली की हात करणाऱ्यांपुढून मी गाडी तशीच काढायचो. तक्रारी गेल्या, नोकरी जाते की राहते अशी वेळ आली. माझ्या गाडीवरचे वयस्कर कंडक्टर मात्र रागावले नाहीत. "उद्या आपल्या दोघांलाबी सुट्टी हाय. चला माझ्यासंगं," एवढंच म्हणाले, आणि भर उन्हात त्यांनी मला पाटी नसलेल्या त्या बाभळीखाली नेऊन उभं केलं. मिरचीचं गाठोडं घेऊन एक म्हातारी तिथं आधीच उभी होती. गाडी आली, तिघांनीही हात केले, ती धुरळा उडवत निघून गेली. मी चिडलो. म्हातारी निवांत खाली बसली, तिनं भाकरीचं फडकं सोडलं आणि ठेचा लावलेली अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. "खा लेकरा, दुसरी येती दुपार कलल्यावर. रोजचंच हाय." कामावर परतलो त्या दिवशी बाभळीपाशी कंडक्टरांनी घंटीची दोरी ओढायच्या आधीच माझा पाय ब्रेकवर गेला होता. त्याच नोकरीत मी म्हातारा झालो. आता रस्त्याच्या कडेला मीच हात करतो, आणि गाडी थांबली की चढण्याआधी ड्रायव्हरला नमस्कार करतो. त्या पोराला वाटत असेल, म्हातारा आपल्याला दुसराच कुणीतरी समजला.