माफीनामा, खर्ड्यासकट

हसू नका हं, आधीच सांगतो. माझ्या हातून जे झालं ना, त्यानंतर आठवडाभर मी आमच्या नेरूळच्या सोसायटीत लिफ्ट सोडून जिन्यानं ये-जा करत होतो. आणि राहतो अकराव्या मजल्यावर!

मी एक सॉफ्टवेअर बनवलंय. नाव 'खरड'. कॉम्प्युटरवर निवांत ब्लॉग लिहायचा, कच्चा लेख जपून ठेवायचा, मनासारखा झाला की बटण दाबून इंटरनेटवर सोडायचा. वापरणारे किती? चाळीसेक! निम्मे माझ्या ओळखीचे, उरलेले त्यांच्या ओळखीचे. पण माझा रुबाब असा, की जणू अख्खं जग माझ्यावाचून अडलंय.

एका शनिवारी सकाळी मी नवी आवृत्ती सोडली. सगळ्यांना मेल केला, 'आता लिहिणं आणखी सोपं!' आणि कौतुकाच्या फोनची वाट बघत बसलो.

पहिला फोन पेडणेकर काकांचा. आमच्याच बिल्डिंगमधले, मराठीचे निवृत्त मास्तर. त्यांचा ब्लॉग अख्खी सोसायटी वाचते.

"अरे, तुझं ते नवीन उघडलं आणि सगळं आपोआप झालं!"

"हो ना काका! डोक्याला त्रासच नाही!"

"चेअरमननं वाचलं रे!"

"अरे वा! आता वाचक वाढणारच!"

"वाढणार कसले? तो माझ्या दारात उभा आहे! 'आमचे चेअरमन: एक बिनडोक बैल' हा लेख मी दोन वर्षं दाबून ठेवला होता!"

आता सांगा, तेव्हा तरी माझी ट्यूब पेटायला हवी होती की नाही? नाही पेटली. मला वाटलं, काकांनीच भलतं बटण दाबलं. वय झालं, चालायचंच!

दुसरा फोन एपीएमसी मार्केटमधून. शेवाळे शेठ. मूळचे साताऱ्याकडचे, कांद्याचे व्यापारी. ब्लॉग कांद्यावर, पण गुपचूप कविताही करतात.

"आवो सायेब, गाळ्यावर हमाल माज्या कविता मोठ्यानं वाचाय लागल्यात!"

"अभिनंदन शेठ!"

"कसलं अभिनंदन? सुनंदावरच्या हायत त्या!"

"मग वहिनी खूश असतील की!"

शेठ हमालांपासून लांब सरकले असावेत. मग अगदी हळू आवाजात, "आमच्या मंडळींचं नाव कुसुम हाय."

तेव्हा पेटली ट्यूब! कोड उघडून बघतो तर काय, सुरू होताना कच्चे लेख नुसते नव्या जागी हलवायचे, तर माझं सॉफ्टवेअर दर वेळी ते थेट जगापुढे सोडत होतं!

ताबडतोब डाउनलोड बंद केलं. एकेकाला फोन लावला, "खरड उघडू नका! हातसुद्धा लावू नका!"

माझी बायको मंजिरी म्हणाली, "नुसत्या फोननं भागायचं नाही. तुझ्या ब्लॉगवर जाहीर माफी माग."

बरोबर होतं तिचं. बसलो लिहायला. पण डोकं तापलेलं! पहिला खर्डा उतरला तो असा: 'फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये चेअरमनला शिव्या आणि परक्या बायकांवर कविता तुम्ही लिहून ठेवायच्या, आणि बोंब माझ्या नावानं?'

काय मोकळं वाटलं म्हणून सांगू! लेख कच्चाच ठेवला, सॉफ्टवेअर बंद केलं, चहा प्यायलो. मग शांत डोक्यानं पुन्हा उघडलं आणि 'आपल्यासारख्या सुजाण वाचकांची मनःपूर्वक क्षमा मागतो' असा लोण्यासारखा माफीनामा लिहून प्रसिद्ध केला.

कशात लिहिला? अहो, खरडमध्येच! हाताची सवय!

दहा मिनिटांत मंजिरी मोबाइल नाचवत आली. "तू माफी मागितलीयस की भांडण उकरून काढलंयस? इथे दोन लेख आहेत!"

धावत जाऊन पहिला काढून टाकणार, तोवर खाली पेडणेकर काकांची प्रतिक्रिया आलीसुद्धा:

'पहिला लेख जिवंत, दहापैकी नऊ. दुसऱ्यात कृत्रिमता फार. पुन्हा लिहून आणणे.'