तिसरा अंतरा

आधीच सांगतो, भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी चहा घ्यायला उठणारा माणूस. म्हणूनच डोकं फिरलंय माझं...

बाबा कोराडीच्या कॉलनीतल्या ऑर्केस्ट्रात गायचे. आईसाठी त्यांनी केलेलं एक प्रेमगीत इतकं चाललं, की कॉलनीतल्या प्रत्येक लग्नात त्याची फर्माईश व्हायची. अंतरे दोनच. पण एका गणपतीत आई भांडून भिवापूरला माहेरी गेली, आणि बाबांनी स्टेजवर तिची माफी मागणारा तिसरा अंतरा गायला. एकदाच. कोणीतरी टेप करून दिला. त्यावर दुसरं काही भरलं जाऊ नये म्हणून बाबांनी कॅसेटच्या कडेची प्लास्टिकची पट्टी तोडून ठेवली.

आणि मी, नऊ वर्षांचा दीडशहाणा! पट्टीच्या जागी पडलेल्या भोकावर चिकटपट्टी लावली, की पुन्हा रेकॉर्ड होतं; तशी लावली अन् नेमक्या तिसऱ्या अंतऱ्यावर माझी क्रिकेट कॉमेंट्री भरली. आई परत आली तेव्हा खेळ खलास; तिनं तो अंतरा ऐकलाच नाही. बाबा नंतर म्हणायचे, शब्दच आठवत नाहीत. आता बाबाही नाहीत. आई मला कधी एका शब्दानं बोलली नाही, याचाच जास्त त्रास होतो.

गेल्या महिन्यात बर्डीच्या बाजारातल्या दुकानातून ती कॅसेट मोबाईलमध्ये उतरवून आणली. दुपारी जेवणानंतर इअरफोनचं एक टोक आईच्या कानात, एक माझ्या. दोन अंतरे झाले, माझी बडबड सुरू झाली. मी बंद करायला गेलो, तर आईनं हात झटकला.

"चूप बस नं! ते गाऊन राहिले."

मग तिनं चार ओळी गाऊन दाखवल्या. मी चक्रावून मौद्याला फोन लावला. बाबांसोबत हार्मोनियम वाजवणारे काका तिथे राहतात. ते नेहमी म्हणायचे, "चाल आठवते गा, शब्द नाही." आई फोनवर गायली, आणि शेवटची ओळ काकांनीच उचलली. "वहिनी, तुम्ही तर त्या दिवशी नव्हत्या!" ते रडायलाच लागले.

मी कान बदलले, इअरफोन बदलला, दुकानदाराशी भांडलो. तो म्हणाला, "भाऊ, याच्यात कॉमेंट्रीच आहे." आई मात्र रोज ऐकते.

"मलेच काहून नाही येत वं ऐकू?" परवा मी ओरडलोच.

"तू बोलून राहिला नं मधात," ती शांतपणे म्हणाली.

काल पुन्हा लावलं. चौकार, षटकार, आउट... तो पोरगा थांबतच नाही.