खळीनं चिकटवलेली पानं

आमच्या घरात खळ कायम शिजलेली असते. बेळगावच्या खासबागेतल्या विणकराच्या घरात ती असायचीच. मैद्याची पातळ पेज करायची, त्यात चिमूटभर मोरचूद टाकायचा, म्हणजे कीड लागत नाही. सुती साडी मागावरून उतरली की तिला ही खळ द्यायची, ताणून वाळवायची, मग घडी घालायची. कुठं वहीचं कव्हर निघालं, कुठं कॅलेंडर भिंतीला बसवायचं असलं, तरी आम्ही डिंकाच्या बाटलीकडं बघत नाही. बोट खळीत बुडवायचं, झालं. वाळल्यावर कडेला जरा हिरवट डाग राहतो तेवढाच.

त्याच खळीनं मी एका पुस्तकाची चार पानं चिकटवली. त्याचीच ही गोष्ट आहे.

माझी लेक सदलग्याला दिलेली. तिला पोटाचा मोठा आजार निघाला तेव्हा ती लेकीला घेऊन माझ्याकडं आली. बेळगावात दवाखाने जवळ. नात तेव्हा सहावीत होती. तिचं नाव इथल्याच मराठी शाळेत घातलं. लेकीनं येताना कपड्यांआधी पुस्तकं आणली. त्यात एका गोष्टीचे दोन भाग होते. आईबाप नसलेली बारा वर्षांची एक पोरगी उलट्या वाहणाऱ्या नदीतून दुसऱ्या राज्यात जाते, आणि तिला वाट दाखवायला एक म्हातारी नावाडीण असते. असली सगळी गंमत.

मी मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसले की नात शेजारी सुताच्या पोत्यावर बसून वाचायची. पलीकडं माझ्या लेकाचे दोन माग चालू असायचे, त्यामुळं ओरडून वाचावं लागायचं. राक्षस कानात कुजबुजला, तरी अख्ख्या गल्लीला ऐकू जायचं.

शेजारीण एकदा दारातूनच म्हणाली, "आक्का, ह्या वयात राक्षस ऐकत बसलीस व्हय गं?"

"राक्षस न्हाय, सावल्यांचा राजा हाय त्यो," नात म्हणाली. "तुमी पहिला भाग वाचला न्हाय, तुमाला कळायचं न्हाय काकू."

"माझा राजा दुकानातनं अजून आला न्हाय, त्येला हुडकायला जाते," म्हणत ती हसत गेली. आतल्या खोलीत माझी लेक पडल्या पडल्या हसली. दुखत असायचं, तरी हसली.

मी शाळेत तिसरीपर्यंतच गेले. पुढचं वाचायला मी सुताच्या गठ्ठ्याला गुंडाळून आलेल्या जुन्या पेपरांवर शिकले, त्यातही अर्धे कानडी निघायचे. म्हणून गोष्टीच्या पुस्तकांचं मला आधी कौतुक नव्हतं. पण ऐकता ऐकता मीच अडकले. पान संपलं की मी म्हणायची, "फुडं?" आणि नात मुद्दाम पुस्तक मिटायची. "आधी चा दे."

लहान पोरांना हे एवढं का आवडतं, मी तिला विचारलंसुद्धा. मला वाटलं, तलवार आणि उडती नाव सांगेल. ती म्हणाली, "आज्जी, त्यात मोठी माणसं तिला सगळं सांगतात. लहान हाईस, तू बाहेर जा, असं कुणी म्हनत न्हाय."

मी ऐकलं आणि कांडी बदलली. तेव्हा कळायला हवं होतं.

तिसरा भाग, शेवटचा, लेकीनं जावयाला सांगून मागवला. तो आला तेव्हा ती उठून बसायचीही राहिली होती. तिनं नातीला सांगितलं, "आधी मी वाचते, मग तू." पेन्सिल मागून घेतली. आवडलेल्या ओळीपुढं बारीक बरोबरची खूण करायची तिला लहानपणापासून सवय. रोज दोन दोन पानं वाचायची, दमायची, पुस्तक छातीवर ठेवून डोळे मिटायची. संपवलं मात्र तिनं.

डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हणून सांगितलं, आणि मला काही सुचेना. पोरीनं हे बघू नये, एवढंच डोक्यात. माझी धाकटी बहीण गुंजीला दिलेली आहे, शेतीचं घर आहे. तिच्या लेकाबरोबर नातीला गाडीत बसवून दिलं. "चार दिस जाऊन ये. तवर आई बरी हुतीया," म्हणाले. ती खिडकीतून बघत राहिली. खोटं बोलताना माझी मान तिच्याकडं वळत नव्हती, म्हणून मी फलाटाकडं बघत होते.

तिसऱ्या दिवशी लेक गेली. नात परत आली तेव्हा अंगण सारवून झालं होतं. तिनं खोलीत जाऊन रिकामी खाट बघितली आणि बाहेर येऊन पायरीवर बसली. रडली नाही. मला वाटलं, बरं झालं, पोरीनं सोसलं. माणसाला किती कळत नसतं.

दीड महिन्यानं तिनं तिसरा भाग काढला. म्हणाली, "आईनं वाचलाय, आता माझी पाळी." त्या दिवशी ती शाळेत गेली आणि मी ते पुस्तक हातात घेतलं. का घेतलं? भीती वाटली म्हणून. अक्षराला अक्षर लावत मी शेवटाकडची पानं चाळली. म्हातारी नावाडीण मरते. पोरीच्या मांडीवर डोकं ठेवून मरते, पानभर मरते. समासात माझ्या लेकीची पेन्सिलची खूण. मला वाटलं, इथं तिला पुढचं दिसलं असणार, हात थांबला असणार. हे आता ह्या लेकरानं वाचायचं? नुकती आई गेलेल्या पोरीनं?

चुलीजवळ खळीची वाटी होतीच. साडीला देतात तशी फडक्यानं, कुठं कोरडं राहू नये अशी हळू खळ दिली. चार पानं एकमेकांवर दाबली, वर पाटा ठेवला. संध्याकाळपर्यंत ती एकाच जाड पुठ्ठ्यासारखी झाली. मला वाटलं, पोर वाचायच्या नादात आहे, पुढच्या पानावर उडी मारेल.

तिनं मोठ्यानं वाचायला घेतलं. आठवडाभर मी कांड्या भरत ऐकत होते. त्या पानाशी ती आली. बोटानं कड चाचपली. हिरवा डाग बघितला. नाकाला लावून वास घेतला.

"आज्जी. ही खळ हाय."

मी म्हणाले, "सांडली असंल गं."

"चारी पानांवर? कोपऱ्यापर्यंत?" तिनं आवाज चढवला नाही, माग थांबलेलेच होते. "तवा बी तू मला गुंजीला धाडलीस. आता पुस्तकातनं बी धाडलीस व्हय?"

मी म्हणाले, लई वाईट हाय गं त्यात, बाळा, नावाडीण मरतिया, तुला सोसायचं न्हाय. ती म्हणाली, "ती पोरगी तिथं असती न्हवं? नावाडीण मरतिया तवा? तिला कुणी गुंजीला धाडत न्हाय न्हवं?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मग तेच वाचायचं हुतं मला," ती म्हणाली, पुस्तक पोत्यावर ठेवलं आणि उठली. त्यानंतर माझ्याशेजारी बसून तिनं काही वाचलं नाही.

परीक्षा झाल्यावर जावई तिला सदलग्याला घेऊन गेला. बाप आहे, त्याचा हक्क आहे, मी अडवलं नाही. पुस्तक ती इथंच ठेवून गेली. जावई म्हणाला, "आत्या, दुसरं मागवतो की." तशी ती म्हणाली, "नको. आईच्या खुणा त्यात न्हाईत."

ती गेल्यावर मी ती पानं सोडवायला घेतली. भाताच्या वाफेवर धरली, ओल्या फडक्यात ठेवली, सुरीच्या पाठीनं उचलली. माझी खळ चांगली असते, गल्लीत नाव आहे. पानं सुटली पण अक्षरं घेऊन सुटली. ह्या पानाची शाई त्या पानावर, मधे भोकं. एका समासात मात्र लेकीची खूण तशीच राहिली होती, आणि तिच्यापुढं नुसता ओरबाडलेला पांढरा कागद.

मग मीच जावयाला फोन करून म्हणाले, दुसरं पुस्तक मागव, पण पोरीला देऊ नको, मला पाठव. ते आलं. दोन्ही पुस्तकं पाटावर शेजारी शेजारी ठेवली, ओळी मोजल्या. वरून नववी ओळ. दोनदा मोजली, तिसऱ्यांदा लेकाला मोजायला लावली.

रविवारी दुपारी फोन केला. एरवी ती "व्हय", "न्हाय" एवढंच बोलते. मी म्हणाले, "आईची खूण सापडली. वाचू का?" ती म्हणाली, "वाच."

मी चष्मा लावून वाचलं. नावाडीण पोरीला म्हणते, मी जाताना तू लांब जाऊ नकोस, इथं माझ्याजवळ बस.

तिनं परत वाचायला सांगितलं. मी परत वाचलं. पलीकडं रस्त्यावरच्या ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

"आज्जी, आई मला बोलवत हुती?"

ह्या वेळी माझ्याजवळ खळीची वाटी नव्हती.

"व्हय," मी म्हणाले. "गेली त्या दिशी सकाळधरनं बोलवत हुती."

"तू काय सांगितलंस तिला?"

"येतीया म्हनून सांगितलं. गाडीत बसलीया म्हणाले."

मी वाट बघत राहिले, की ती रागावेल, ओरडेल, फोन आपटेल. मी त्यालाच लायक होते.

"त्या दिशी मी गुंजीच्या स्टेशनात बसलेली," ती म्हणाली. आवाज अगदी लहान झाला होता. "मावशीआज्जी म्हणाली, जा, मालगाडी बघ. मी डबे मोजले, आज्जी. एकोणसाठ हुते."