तुळया वाजवणारे काका

आमच्या लालबागच्या चाळीत लोक दार वाजवतात. तळमजल्यावरचे काका तुळया वाजवायचे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात स्टुलावर उभे होते. कान तुळईला लावलेला, हातात छोटी लाकडी हातोडी. त्यांनी दोनदा ठोकलं, डोळे मिटून ऐकलं, खिशातली वही काढून काहीतरी लिहिलं. मी दिसताच वही मिटली.

"काय बघताय काका?"

"काय नाय गो. लाकूड बघतंय."

लाकूड बघायला वही लागत नाही, आणि वही असली तर ती माझ्यापासून लपवावी लागत नाही. मी तेव्हापासून त्यांच्यावर लक्ष ठेवलं.

संशय घेणं मला वाईट वाटत नाही. माझे बाबा बंद पडलेल्या गिरण्यांच्या कामगारांसाठी पत्रकं लिहायचे. माझी अक्षरओळख "कामगार बंधूंनो आणि भगिनींनो" या ओळीवरून झाली. गोड बोलणारा माणूस कुणाच्या वतीने बोलतोय हे आधी विचारावं, हे मी पाढ्यांच्या आधी शिकले. त्यात आमचा घरमालक गेली काही वर्षं चाळ पाडायच्या मागे लागलेला. नव्या घरांचा करार लिहून द्या, मग पाडा, एवढंच आमचं म्हणणं. करार सोडून तो बाकी सगळं द्यायला तयार होता.

काका मात्र या भांडणात कधी बोलायचे नाहीत. ते मूळचे मालवणकडचे, गिरणीच्या सुतारखात्यातले. गिरणी बंद पडल्यावर गिरगावातल्या एका वाद्यांच्या दुकानात गिटारी दुरुस्त करू लागले आणि मोडलेल्या गिटारी उघडून बघता बघता नवी गिटार करायला शिकले. आता सत्तरीत, आपल्या एका खोलीत, वर्षाला चार-पाच गिटारी हाताने बनवतात. मी त्यांच्याकडे लेख लिहायला म्हणून गेले होते. अख्खी वस्तू पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः घडवणारा कामगार आता दिसतो कुठे, असं माझ्या डोक्यात होतं. त्यांनी माझ्या हातातलं पेन काढून बाजूला ठेवलं आणि पोलादाचा पातळ पत्रा दिला. "घास. मग लिव काय ता."

सहा महिने मी घासत होते. गिटारीच्या पुढच्या फळीला आतून सात पातळ पट्ट्या सरसाने चिकटवतात, पंख्याच्या काड्यांसारख्या. त्या किती घासायच्या हे मापाने ठरत नाही. काका फळी दोन बोटांत लोंबती धरायचे, दुसऱ्या हाताच्या बोटाच्या सांध्याने वाजवायचे आणि म्हणायचे, "अजून झोपलाहा. उठव." शास्त्रीय वादनाची गिटार असेल तर सूर रेंगाळला पाहिजे. फ्लामेंको म्हणजे स्पेनमधल्या नाचगाण्याबरोबर वाजतं ते. त्या गिटारीचा सूर कोरडा हवा, चटकन उठून चटकन विझणारा. त्यासाठी पाठ आणि कडा हलक्या, पूर्ण सुकलेल्या लाकडाच्या लागतात. तसं लाकूड त्यांना मनासारखं मिळत नव्हतं. हे ते रोज बोलायचे. वहीबद्दल एकदाही बोलले नाहीत.

एका सकाळी ते कडेची पट्टी तापलेल्या पाइपावर वाकवत होते. हे काम सुरू झालं की दोन्ही हात अडकतात. थांबलात तर लाकूड तडकतं. वही कामाच्या टेबलावर होती. मी ती उघडली. त्यांनी बघितलं, पण हात सोडता येईनात.

"ठेव ती," ते म्हणाले.

मी दोन ओळी वाचल्याच. "जिना, दुसरा मजला, डावी - जिवंत." आणि खाली, "खोली बावीस - मेली." खोली बावीस आमची.

मी काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं, हे आज कळतं. त्या दिवशी मला वाटलं, ज्याच्यावर संशय आहे त्याला सावध का करायचं?

पंधरा दिवसांत चाळीच्या फाटकावर नोटीस लागली. घरमालकाच्या इंजिनिअरचा अहवाल होता: लाकडी तुळया कुजल्या आहेत, इमारत धोकादायक, रहिवाशांनी ताबडतोब खोल्या सोडाव्यात. ताबडतोब म्हणजे कराराशिवाय. तुळया ठोकून ज्याने याद्या केल्या तो माणूस मला ठाऊक होता. मी एका दमात पत्रक लिहिलं. शीर्षक दिलं, "आपल्या डोक्यावर कोण ठोकतंय?" नाव घेतलं नाही, पण "आपल्यातल्याच एका कारागिराच्या वहीत कुणाची तुळई मेली आणि कुणाची जिवंत याची नोंद आहे" असं लिहिलं. खाली सही, "एक जागरूक रहिवासी". दुपारी दारादारांतून सरकवलं.

संध्याकाळी अंगणात सगळे जमले. काका पत्रक हातात घेऊनच आले.

दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "काका, गिटार वाजवता वाजवता आमचीच वाजवलीत की!"

रहिवासी समितीच्या अध्यक्षांनी सरळ विचारलं, "मालकाला तुळयांची माहिती तुम्ही दिलीत?"

"नाय."

"मग ठोकत कशाला होतात?"

"माका लाकूड हवा. शंभर वर्षां सुकलेलो साग हा तो. असो साग बाजारात मिळणा नाय. चाळ पडली तर चांगल्या तुळया माका द्या, असा मी पाडकामवाल्याक सांगून ठेवलंय."

मग जो गोंधळ उठला तो मी लिहीत नाही. कुणीतरी म्हणालं, "म्हणजे पडावीशी वाटते तुम्हाला!" आणि काका म्हणाले, "वाटता. कधी कधी वाटता." इतकं खरं बोलणारा माणूस त्या अंगणात दुसरा नव्हता. पण मला त्या क्षणी फक्त आपण जिंकल्यासारखं वाटत होतं.

बोलले माझे बाबा. "ती वही बघू. त्यात मेलेल्या किती?"

"दोन."

"आणि जिवंत?"

"बाकी सगळ्यो."

म्हणजे दोन सोडून एकही तुळई कुजलेली नव्हती. चाळीला घरमालकाविरुद्ध जे हवं होतं ते याच वहीत होतं. वही पुढे आली तर चाळ उभी राहणार होती आणि काकांना लाकूड मिळणार नव्हतं. सगळे त्यांच्या खिशाकडे बघत होते. काकांनी पत्रक उलगडून माझ्याकडे बघितलं. "'मेली' हो शब्द मी फक्त वहीत लिवलेलंय. वही एकाच माणसान उघडली. त्यान हयच उभ्यान सांगूदे, मगे देतंय."

मी उभी राहिले. "मी लिहिलं." माझ्याकडे बघण्याचं बाबांनी टाळलं. काकांनी वही अध्यक्षांच्या हातात दिली.

आम्ही आमचा इंजिनिअर आणला. तरुण मुलगा, परळचा. म्हणाला, "मी कानावर अहवाल लिहीत नाही." तरी काका सांगतील तिथे बारीक भोक पाडून लाकडाचा भुसा बघायला तयार झाला. पहिल्या मजल्यावर तीन ठिकाणी काका म्हणाले जिवंत, भुसा कोरडा आणि लाल निघाला. जिन्याच्या वरच्या टोकाची तुळई मेली म्हणाले, तिथे ओली काळी पूड पडली. मग त्याने विचारणं बंद केलं. काका म्हणतील ते तो लिहून घेऊ लागला.

आमच्या मजल्याच्या जिन्यात मी काकांना गाठलं. पुढची खोली आमची. तुळई मेलेली ठरली तर ती बदलेपर्यंत आम्हाला बाहेर पडावं लागणार, आणि बाहेर पडलेल्या कुटुंबाला घरमालक परत आत येऊ देतो का हे मी इतरांच्या बाबतीत पाहिलं होतं.

"काका, ती एक राहू दे," मी म्हणाले. "तो आता तुमच्यावर विश्वास ठेवतोय."

त्यांनी हातोडी दुसऱ्या हातात घेतली. "काल लिवलंस, मी इकलो गेलंय. आज सांगतंस, खोटा बोल."

मी बाजूला झाले. खोलीत आई दोन्ही हात पदरात गुंडाळून उभी होती. काकांनी दोनदा ठोकलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मेली."

भोक पाडल्यावर पूड पडली ती आमच्या भांड्यांच्या मांडणीवर.

आमच्या इंजिनिअरच्या अहवालाने इमारत दुरुस्त करण्याजोगी ठरली. खाली करायची नोटीस मागे घेतली गेली. दोन तुळया बदलायच्या ठरल्या. आम्ही घोडपदेवला मावशीच्या घरी राहायला गेलो. निघताना बाबांनी अध्यक्षांकडून, खोली आमचीच आणि दुरुस्तीनंतर आम्ही परत येणार, असं पत्र लिहून घेतलं, साक्षीदारांच्या सह्यांसकट. मी माझ्या नावाने दुसरं पत्रक काढलं, तीन ओळींचं. काकांवर केलेला आरोप खोटा होता, वही त्यांच्या परवानगीशिवाय उघडली होती, आणि दोन्ही गोष्टी मी केल्या.

महिन्याभराने मी त्यांच्या खोलीवर गेले. ते "ये" म्हणाले, पत्रा दिला. मी पट्ट्या घासू लागले. मध्येच मी मान वर केली की ते माझ्या हातांकडे बघत असायचे. पट्ट्यांकडे नाही, हातांकडे. वही दिसली नाही.

मग पॉलिश पेपर संपला. त्यांनी चप्पल घातली, किल्ली घेतली आणि दारात थांबले.

"तू भायर बस गो."

मी बाहेर आले. त्यांनी कुलूप लावलं, ओढून बघितलं आणि गेले. मी दारापुढच्या ओट्यावर भिंतीला टेकून बसले. वहिनी पाण्याची कळशी घेऊन चालल्या होत्या.

"काय गं, बाहेर का? काका नाहीत?"

"दुकानात गेलेत."

"मग आत बसायचं ना, पंख्याखाली."

"त्यांचा माझ्यावर भरवसा नाही," मी म्हणाले.

वहिनींनी कळशी खाली ठेवली. काहीतरी समजुतीचं बोलायला त्या तोंड उघडत होत्या. मी मान हलवली. "बरोबर आहे त्यांचं."