मामांच्या जाकिटातला पुरावा

फजिती कुणाची होत नाही हो? पण जीप भरून माणसं बोलावून, त्यांच्यासमोर उभं राहून फजिती करून घेणारा अख्ख्या सोलापुरात मीच एकटा असेन. ऐका आता. हसू आलं तर हसा, फक्त चहा सांडू नका.

झालं असं, की मी सिगारेट सोडली. आणि सोडली कुणासमोर? सासऱ्यांसमोर!

आमचे मामा वळसंगचे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे येऊन राहिले होते. माणूस असा, की जन्मात सुपारीचं खांड तोंडात टाकलेलं नाही. गावच्या विहारात पंचशील समजावून सांगताना पाचव्या, म्हणजे व्यसनाच्या शीलापाशी आले, की असा आवाज चढवतात, की मागच्या रांगेतले लोक उठून तंबाखू थुंकून येतात. त्यांनी मला गॅलरीत धूर सोडताना पकडलं. ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, "जावईबापू, माजी लेक तुमाला दिली. तिला म्हातारपणी सोबत नगं व्हय?"

संपलं! तिथल्या तिथं शपथ. घरातली सगळी पाकिटं हुडकून कचऱ्याच्या गाडीत टाकली. संगीता, म्हणजे आमची बायको, हिच्या डोळ्यांत पाणी आलं.

शपथ घ्यायला काय जातंय? पुढचे आठवडे काढायचे असतात ना! हात रिकामा, तोंड रिकामं, डोकं तेवढं गरम. ऑफिसात मी पेन ओढायला लागलो. अहो, खरंच ओढायला! साहेबांशी बोलता बोलता पेनाची राख झटकली मी, त्यांच्याच टेबलावर. साहेबांनी टेबल पुसलंसुद्धा! घरी तलफ आली की शेंगाचटणी चमच्यानं खायचो. त्यानं पोटाचं काय झालं ते सांगत नाही, तुम्ही खाताय.

आणि नाक! सिगारेट सुटली की नाक उघडतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. खालच्या मजल्यावर लसूण सोलला की मला वर समजायचं. भाकरी करपायच्या आधी मी बाहेरून ओरडायचो, "करपली!" संगीता म्हणायची, "तुम्ही ओढत होता तेच बरं होतं. स्वयंपाकात लुडबुड तरी नव्हती."

तर थंडीचे दिवस. मामा काळा चष्मा लावून, शाल गुंडाळून सकाळ-संध्याकाळ "पाय मोकळे करून येतो" म्हणून खाली जायचे. एकदा ते परत आले, माझ्या शेजारून आत गेले आणि माझं नाक ताठ झालं.

सिगारेट!

म्हटलं, भास असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच वास. तिसऱ्या दिवशी तर मी मुद्दाम दार उघडायला गेलो आणि शालीपाशी नाक नेऊन चांगला लांब श्वास घेतला. मामा दचकले. "काय झालं ओ?" म्हटलं, "काही नाही, मामा, सर्दी."

पण पटेना. मामा? आणि सिगारेट? पंचशीलवाले मामा? मला सोडायला लावली आणि स्वतः...? खरं सांगू? मला राग आलाच नाही. मला आनंद झाला! एवढा मोठा माणूस घसरतो, तर आपण काय चीज आहोत!

तरी जावई माणूस, नाजूकपणानं घ्यायला हवं. संगीता आत आहे असं बघून मी हळूच म्हणालो, "मामा, तुम्ही खाली जाऊन काय करता ते मला कळलंय."

मामांचा चेहरा पडला. "कळलं व्हय?"

"वासावरनं."

"संगीताला सांगू नगा, बापू. वरडंल ती."

"किती होतात रोज?"

"सकाळी एक, संध्याकाळी एक. लई झालं तर दोन."

"आणि मला शपथ घालता?"

"तुमचं येगळं, माजं येगळं. ह्या वयात तेवडं तरी नगं व्हय? जिवाला थंड वाटतंय बगा. तोंडात धरली की डोळं आपोआप मिटत्यात."

माझेही मिटले, शप्पथ! घोट गिळला मी. कबुली दिली म्हाताऱ्यानं, तीही तोंडाला पाणी सुटेल अशी!

आता गप्प बसावं की नाही? पण सुधारलेल्या माणसाला दुसऱ्याला सुधारायची भारी घाई. मी मेव्हण्याला, मिलिंदला फोन लावला. तो वळसंगलाच असतो. म्हणालो, "मिलिंद, जरा ये. मामांचं... काय सांगू, आपल्या हातात राहिलेलं नाही आता. फोनवर बोलण्यासारखं नाही. तुम्हीच येऊन बघा."

तुम्हीच सांगा, यात काही चुकीचं आहे का? नाही ना? पण तिकडं वळसंगला त्याचा अर्थ काय झाला असेल?

तासाभरात दारात जीप. जिन्यातूनच आत्याबाईंनी, म्हणजे मामांच्या धाकट्या बहिणीनं, सूर लावला, "दादा रं माज्याऽऽ!" मागं सासूबाई, त्यांना धरून मिलिंद, त्याच्यामागं भावकीतली सात-आठ माणसं, चेहरे उतरलेले. शेजारच्यांची दारं उघडली. संगीता लाटणं हातात घेऊन बाहेर आली.

तेवढ्यात न्हाणीघराचं दार उघडलं. मामा, खांद्यावर टॉवेल, डोळ्यांवर काळा चष्मा.

"कोन गेलं गं?" मामांनी विचारलं.

आत्याबाईंचा सूर घशातच अडकला. सासूबाई मटकन खाली बसल्या. मिलिंद माझ्याकडे वळला. "दाजी, ह्ये काय हाय?"

आता मागं फिरता येत होतं का? मी म्हणालो, "मिलिंद, माणूस धडधाकट आहे, पण वाया गेलाय. मामा चोरून सिगारेट ओढतात!"

आत गॅसवरचं दूध उतू गेलं, तरी कुणी तिकडं बघेना.

"मी?" मामांनी खांद्यावरचा टॉवेल खाली आपटला. "पाचवं शील मोडलं म्हनताय व्हय मला? संगीता, माजी पिशवी भर. ह्या घरात पानी प्यायचो न्हाय मी!"

"पुरावा देतो!" म्हणत मी खोलीत धावलो. मामांची शाल खुंटीला होती, शालीखाली जाकीट. शालीच्या आत रोज असायचं ते, आज पहिल्यांदा हातात आलं. काय वास म्हणता! आतल्या खिशात हात घातला आणि निघालं की पाकीट! मी ते उंच धरलं. एक सिगारेट बाहेर काढून सगळ्यांना फिरवून दाखवली. "बघा! आणि हे जाकीट बघा, कळकट! भोक पडलेलं! असलं जाकीट सिगारेट ओढणाऱ्या माणसाशिवाय कोण घालेल?"

"तुम्ही," संगीता म्हणाली.

"काय मी?"

"तुम्ही घालत होता. तुमचंच आहे ते. बाबांना थंडी वाजत होती म्हणून माळ्यावरच्या बोचक्यातनं काढून दिलं मी. आणि ते भोक मिलिंदच्या लग्नात तुम्हीच पाडलंत, पेटती सिगारेट खिशात लपवून फोटोला उभे राहिलात तेव्हा."

मी जाकीट नीट बघितलं. माझंच. भोक माझं, वास माझा, पाकीट माझं.

"पण मामा, तुम्ही कबूल केलंत! सकाळी एक, संध्याकाळी एक!"

"जिलबी ओ!" मामा ओरडले. "कोपऱ्यावरच्या हाटेलात! मी जिलबीचं बोलत हुतो की!"

"जिलबी?" संगीताचं लाटणं आता मामांकडे वळलं. "डॉक्टरांनी गोड बंद केलंय ना, बाबा?"

आधी मिलिंद हसला, मग आत्याबाई, मग जिन्यातले शेजारी. सासूबाई हसता हसता पदरानं डोळे पुसायला लागल्या. शेवटी मामाही हसले, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. मी वाकून त्यांचे पाय धरले.

मामांनी मला उठवलं. "ऱ्हाऊ द्या, बापू. फकस्त एक खरं सांगा. पाकीट घावल्यावर आनंद कशाचा झाला? मी घावलो त्याचा, का पाकीट घावलं त्याचा?"

मी ताठ उभा राहिलो. छातीवर हात ठेवला. "मामा, सगळ्यांच्या समोर सांगतो, आता मला सिगारेटची आठवणसुद्धा येत नाही!"

"हो का?" संगीता म्हणाली. "मग ती कानावरची खाली घ्या आधी."