ताटाला पाचवा हात

भाजलेल्या वांग्याचा धुरकट वास आला की मला अजूनही कुंभार पिंपळगावची मार्गशीर्षातली ती दुपार आठवते. ओसरीवर उतरलेलं कोवळं ऊन, बहात्तरचा दुष्काळ सरून पुन्हा पोटऱ्यात आलेल्या ज्वारीची सळसळ, आणि मुलगी पाहायला आलेला, इस्त्रीचा पांढरा सदरा घातलेला मी. बदनापूरच्या शाळेत मास्तर होतो, आणि देव नाही हे चहाच्या टपरीपासून स्टेशनच्या बाकापर्यंत भेटेल त्याला ऐकवत होतो. काकांनी एस.टी.तच बजावलं होतं, "तिथं तोंडाला कुलूप लाव, बाबा!" मीही तसं ठरवलं होतं; कारण चहा ठेवताना मुलगी, सुमन, माझ्याकडे बघून अशी मिश्कील हसली की बस्स, दुसरं स्थळ पाहायचंच नव्हतं.

पण त्या दिवशी नेमकी चंपाषष्ठी. खंडोबाची तळी उचलायची, म्हणजे नारळ, पानसुपारी आणि भंडाऱ्याची हळद मांडलेलं ताट पुरुषमंडळींनी 'येळकोट' म्हणत उंच उचलायचं. माणसं मात्र विषम हवीत. तिचे वडील अप्पा, दोन भाऊ आणि आमचे काका, झाले चार. पाचवे तिचे चुलते, ते गाडी चुकून वाटूरला अडकलेले. अप्पांनी मला हाक मारली, "या मास्तर."

आता आली का पंचाईत! काकांनी माझा पाय दाबला. पण ज्या घराशी जन्माचं नातं जोडायचं, तिथं पहिल्याच दिवशी सोंग कसं आणायचं?

"अप्पा, मी देव मानत नाही," मी म्हणालो. गेली सोयरीक!

आतलं भाकरी थापणं थांबलं. अप्पांनी मिशीवरून हात फिरवला. "देव नका मानू. पर ताट तर मानता ना? मंग जल्दी हात लावा, भरीत थंड होऊन राह्यलं. येळकोट आमी म्हनतो."

मी हात लावला, ओठ मिटूनच. उधळलेली हळद माझ्या सदऱ्यावर पडली आणि दाराआडून सुमन खुदकन हसली. होकार आला. "तोंडावर बोलतो, अन् ताट पडू देत न्हाई," असं ती आईला म्हणाली होती म्हणे.

पुढे दर चंपाषष्ठीला मी तिथला मुका जावई. गेल्या साली मात्र पहिला येळकोट देणाऱ्या अप्पांचाच घसा पार बसला होता. ताट हातात, आणि आवाज फुटेना; म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. मग माझ्याकडे वळून घोगरं कुजबुजले, "देव नका मानू, जावईबापू... सासरा तर मानता ना?"

मी येळकोट दिला, असा खणखणीत की गोठ्यातली म्हैस दचकून उठली. सगळे पोट धरधरून हसले, अप्पा तर बिनआवाजाचे.

"मानायला लागलात का हो?" परतताना सुमनने चिडवलं. छे! मी मानत नाही, हे त्या ओसरीवरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि ठाऊक होतं म्हणूनच माझा येळकोट खोटा ठरला नाही. पहिल्या दिवशी मी गप्प राहिलो असतो, तर अप्पांना माझा आवाज इतक्या मोकळ्या मनाने मागता आला असता का, कोण जाणे.