खाणीच्या वरची जमीन

मलकापुरातल्या फ्लॅटमध्ये बसून मी दूरदेशीच्या एका तांब्याच्या खाणीचा आराखडा करत होते. ती जागा मी कधी पाहिली नव्हती. पहाटे साडेपाचला तिकडच्या लोकांशी मीटिंग. ती संपली की दिवसभर कुणाशी बोलणं नाही. आई गेल्यापासून घरात आबा आणि मी. आबा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, मुळातच अबोल.

एका सकाळी ते चहा घेऊन माझ्या मागं उभे राहिले.

"ह्ये काय काढतीस गं?"

आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी उत्साहानं सांगितलं. खनिज फार खोल आहे. त्याच्या खाली बोगदे काढायचे आणि तळाचा थर सुरुंगानं उडवायचा. आधार गेला की वरचा खडक आपल्याच वजनानं तुटत खाली येतो, तो बोगद्यातून भरून न्यायचा.

"म्हंजे वरची जमीन बी खचणार."

"हो, या लाल रेघेच्या आतली."

"तिथं काय हाय?"

वर्षभर मी फक्त खालचंच बघत होते. रेघेच्या आतल्या जागेचं उपग्रहावरून घेतलेलं चित्र उघडलं. कवठे महांकाळकडं असतं तसं उघडं माळरान, आणि त्यात रांगेनं रचलेल्या दगडांच्या लहान राशी. आबांनी चष्मा लावला.

"थडगी हायती."

"कशावरून?"

"सरहद्दीवर आमी पुरल्याती अशी. पलीकडची माणसं."

हे त्यांनी घरात कधीच सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी मीटिंगमध्ये विषय काढला. थडग्यांची माहिती तिकडच्या लोकांना आधीपासून होती. तरी मी दोन आठवडे बसून दुसरा आराखडा केला. त्यात थोडं खनिज खालीच राहत होतं, पण रेघ थडग्यांच्या अलीकडं थांबत होती. त्यांनी आभार मानले. महिन्यानं एका ओळीचा मेल आला: मूळ आराखडा मंजूर, थडगी हलवणार.

मी आबांना सांगितलं.

"कुठं हलवणार?"

"ते लिहिलं नाही."

"तू इचारलंस न्हवं? बास," म्हणून ते चपला घालू लागले.

त्यांनी पुरलेल्या माणसांबद्दल विचारावं, असं फार वाटत होतं. पण ते फिरायला निघाले होते. जिन्यावरचा त्यांच्या पावलांचा आवाज संपेपर्यंत मी दार धरून उभी राहिले.